गार्डमामांची पॅसेंजर

आमच्या गल्लीत रिटायर झालेला माणूस साधारणपणे प्लॉट घेतो, गुडघा बदलून घेतो, नाहीतर पहाटे फिरायला जातो आणि दिवसभर फिरण्याचे फायदे सांगत बसतो. गार्डमामांनी घोडी घेतली. तीही अशा वयात, की रेल्वेचा डॉक्टर त्यांना जिनासुद्धा जपून उतरायला सांगत होता.

मामांचं खरं नाव प्रल्हाद सोनकांबळे. पण आमच्या पूर्णेत ते नाव फक्त पोस्टमन आणि पेन्शनवाले घेत. सगळी नोकरी गाडीच्या शेवटच्या डब्यात गेलेली, त्यामुळे गावाला ते गार्डमामा. ते रिटायर झाले आणि थोड्याच दिवसांत रेल्वेने गार्डाचं नाव बदलून ट्रेन मॅनेजर केलं, याची त्यांना फार रुखरुख. मॅनेजर व्हायचं एवढ्याशानं हुकलं, असं ते मला वर्षातून दोन-चारदा तरी ऐकवत. मी त्यांच्या समोरच्या घरात राहते आणि शाळेत इंग्रजी शिकवते. आमच्या गल्लीत 'मॅडम' व्हायला एवढं पुरतं.

गार्डाची सवय त्यांच्या हाडात मुरली होती. घरून पाहुणा निघाला की मामा फाटकात उभे राहून हात वर करत. पाहुण्याने वळणावर पोचल्यावर मागे बघून हात वर करायचा, मगच मामा घरात जाणार. तो विसरला तर हाक मारत, आणि हाक ऐकू गेली नाही तर मागोमाग चालत जात. मी रोज स्कूटीवरून शाळेला निघताना हा नियम पाळायची, आणि त्या नादात एकदा गटारीत जाता जाता वाचले. मामांना त्याचं काहीच वाटलं नाही. सिग्नल मात्र तुम्ही बरोबर दिलात, एवढंच म्हणाले.

त्यांचं दुसरं तत्त्व असं, की गाडी उशिरा आली तर चालतं, अर्धी आली तर चालत नाही. शेवटचा डबा पोचल्याशिवाय गाडी पोचली असं म्हणायचंच नाही. हे तत्त्व ते जेवणाला, भांडणाला आणि विनोदालाही लावत. विनोद सगळ्यांना आधीच ठाऊक असला तरी शेवटपर्यंत ऐकवूनच सोडत. त्यांची बायको, गयामामी, मध्येच उठून स्वयंपाकघरात जायच्या. मग मामा आवाज चढवून उरलेला विनोद भिंतीपलीकडे पोचवत.

तर घोडी. ती वरातीची होती. तिच्या मालकाचा धंदा डीजेच्या गाड्यांनी बसवला. हल्लीच्या नवरदेवांना उघड्या जीपमध्ये उभं राहून हात हलवायचे असतात. मालकाने घोडी विकायला काढली आणि मामांनी मामींना न विचारता ती घरी आणली. लहानपणी लोकांची तट्टं चारायला नेताना मामा घोड्यावर बसायला शिकले होते, असं त्यांचं म्हणणं. बसलेले पाहिल्यावर आम्हाला ते पटलं. बसायचे अगदी ताठ, मान जराही न वळवता.

मामांनी तिचं नाव ठेवलं एक्स्प्रेस. गल्लीने महिन्याभरात ते पॅसेंजर करून टाकलं, कारण ती प्रत्येक स्टेशनला थांबायची. जन्मभर तिने वराती वाहिलेल्या. वरात ओळखीच्या दारात थांबते, बायका ताट घेऊन बाहेर येतात, नवरदेवाला ओवाळतात, आणि घोडीच्या तोंडात गुळाचा खडा जातो. घोडीच्या डोक्यात याचा कायदाच झाला होता. दारात रांगोळी किंवा झेंडूचं तोरण दिसलं की उभं राहायचं, आणि घरातलं कुणी बाहेर येऊन तोंडात काही घातल्याशिवाय हलायचं नाही. दिवाळीत मामा घोडीवरून दूध आणायला गेले ते दुपारी परत आले. दूध नासलं होतं आणि घोडीचं पोट फुगलं होतं.

पोरं सांगायची, मामा, टाच मारा की. मामा कधी टाच मारत नसत. ते म्हणत, "गाडी सिग्नलला उभी ऱ्हायल्यावर डायवरला कुणी मारतं का?" आणि दार उघडेपर्यंत बसून राहत, अगदी शांत. आतल्या बाईचीच घाई व्हायची.

मामींना हे सगळं बिल्कुल मंजूर नव्हतं. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, ही म्हण त्या नवऱ्याच्या वयाकडे बघून जरा जास्तच जोरात म्हणायच्या. घोडीचं नाव त्या घेत नसत, 'तुमची ती' म्हणत. गल्लीतल्या बायका मुद्दाम विचारायच्या, सवत कशी आहे. मामी म्हणायच्या, खाऊन-पिऊन सुखी आहे, माझ्यापेक्षा जास्त लाड आहेत. मग आत जाऊन सवतीसाठी भुसा भिजत घालायच्या.

असं चाललेलं असताना एका हिवाळ्यात मामांच्या फोनवर एक जाहिरात आली. परभणीत, जिंतूर रोडला, एका डॉक्टरांनी घोडेस्वारीचा क्लब काढला होता आणि तिथे स्पर्धा होत्या, जिंकणाऱ्याला बक्षीस म्हणून रंगीत फीत. मजकूर इंग्रजी, म्हणून मामा फोन घेऊन माझ्याकडे. मी वाचून दाखवलं. एक प्रकार होता ड्रेसाज. म्हणजे आखलेल्या मैदानात कडेने अक्षरांच्या पाट्या लावलेल्या असतात. ठरलेल्या अक्षरापाशी ठरलेली चाल, ठरलेलं वळण, आणि शेवटी मध्यभागी थांबून परीक्षकाला सलामी. दुसरा प्रकार वेस्टर्न, म्हणजे मोठं खोगीर, मोठी हॅट आणि एका हातात ढिला लगाम. मामांनी दोन्हीत नाव दिलं. पण आमच्याकडे वेस्टर्न म्हटलं की लोकांना एकच वस्तू आठवते आणि ती संडासात असते. त्यामुळे मामांनी वेस्टर्नमध्ये नाव दिलंय, ही बातमी गल्लीत जरा चमत्कारिकच पसरली.

ड्रेसाजवर मात्र मामा भाळलेच. ठरलेल्या ठिकाणी थांबा, ठरलेली गती, सलामी, आणि वर पांढरा पोशाख. हे त्यांच्यासाठीच कुणीतरी काढलं होतं जणू. गार्डाचा पांढरा युनिफॉर्म त्यांनी जपून ठेवलेला होताच. मैदानाच्या मध्यबिंदूला X म्हणतात, पण तिथे पाटी नसते, हे ऐकून तर ते खूशच झाले. पाटी नसताना बरोबर थांबायचं म्हणजे खरं काम, असं म्हणाले.

मामींनी अट घातली. "एक तरी फीत जिंकून आणा. न्हाई आणली तर घोडी पुढच्या आइतवारी बाजारात." मामांनी शब्द दिला. मामांचा शब्द म्हणजे वेळापत्रकापेक्षा पक्का. वेळापत्रकाविषयी मी इथे जास्त बोलत नाही.

सराव रेल्वे क्वार्टरच्या मागच्या मैदानात सुरू झाला. तेलाच्या रिकाम्या डब्यांवर मामांनी चुन्याने अक्षरं काढली. ड्रेसाजमध्ये पुढची चाल मैदानाबाहेरून कुणी मोठ्याने वाचून दाखवली तर चालतं. ते काम मला लागलं. शाळेतून दमून यायचं, मग कडेला उभं राहून 'C वरून उजवीकडे, M वर दुडकी चाल' असं ओरडायचं. डब्यांना ना रांगोळी, ना तोरण, त्यामुळे घोडी छान चालायची. महिन्याभरात दोघांची चाल इतकी बसली की मामीसुद्धा भाजी निवडायला मैदानाच्या कडेला येऊन बसू लागल्या. तिथे ऊन बरं मिळतं, असं म्हणायच्या.

एकदा मी विचारलंच, मामा, या वयात हे कशाला. ते हसून म्हणाले की लग्नात वरात एसटीने आली होती, तेव्हापासूनची हौस आहे. मी हसले. मग घोडीची मान चोळत ते सावकाश बोलले. त्यांचं गाव देवगाव फाट्यावरून आत. तिथे त्यांच्या लोकांच्या नवरदेवाची घोडी मारुतीच्या पाराच्या पुढे कधी गेली नव्हती.

"कुणी मनाई केलती असं बी न्हाई, मॅडम. कुणी इचारलंच न्हाई. माझ्या बापानं बी न्हाई इचारलं. एसटीतून उतरलो आन् हिला घेऊन पायी घरला गेलो. तिकीट मातर दोघांचं फुल काढलतं."

मामी मेथी निवडत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "आन् आता वरातीमागून घोडं आणलंय." पण नेहमीसारखा टोमणा नव्हता तो. एसटीच्या वरातीवर मी आधी हसले होते, ते मला नंतर कसंसंच वाटत राहिलं.

स्पर्धेला आम्ही टेम्पो करून गेलो. घोडी मागे, आम्ही तिघं पुढे ड्रायव्हरशेजारी दाटीवाटीने. मामी भाकरी-पिठल्याचं गाठोडं घेऊन आल्या होत्या. फीत मिळत नाही ते डोळ्यांनी बघायला आलेय, असं त्यांनी वाटेत दोनदा सांगितलं.

सकाळी वेस्टर्न झालं. क्लबने खोगीर दिलं, हॅट दिली. मामी म्हणाल्या, डोक्यावर टोपलं घेऊन कुठल्या बाजारला निघालेत हे. या प्रकारात स्वाराने अंग सैल सोडून, आरामात, वेळ घालवायला निघाल्यासारखं बसायचं असतं. परीक्षक पुण्याहून आलेल्या एक बाई होत्या, मोठ्या प्रेमळ. त्या म्हणाल्या, काका, रिलॅक्स. मामा आणखी ताठ झाले. वरिष्ठांनी 'रिलॅक्स' म्हटलं की आपलं काहीतरी चुकलंय, हा त्यांचा नोकरीतला अनुभव. त्या दुसऱ्यांदा म्हणाल्या, तेव्हा मामांची हॅटसुद्धा हलेना. सगळ्यांत शेवटचा नंबर आला. आता सगळी भिस्त ड्रेसाजवर.

दुपारी कुणी पाहुणे उद्घाटनाला येणार होते. उद्घाटन सकाळचंच होतं, पण पाहुणे दुपारचे होते. ते येणार म्हणून क्लबच्या पोरींनी जेवणाच्या सुट्टीत मैदान सजवलं. प्रत्येक अक्षराच्या पाटीला झेंडूची माळ घातली आणि पाटीपुढे हौसेने रांगोळी काढली. आम्ही जेवून आलो आणि बघतच राहिलो. मामांनी युनिफॉर्मची बटणं लावता लावता एवढंच म्हटलं, "मॅडम, स्टेशनं सजवली."

घंटा झाली. घोडी आत गेली आणि मधल्या रेघेवरून सरळ चालत X ला बरोबर थांबली. मामांनी सलामी दिली. पांढरी घोडी, पांढरा युनिफॉर्म, आणि मामांची ती मान. टाळ्या पडल्या. मी वाचलं, C वरून उजवीकडे. C पाशी परीक्षकबाईंचं टेबल होतं, म्हणून सगळ्यांत मोठी रांगोळी तिथेच होती. घोडी टेबलापुढे जाऊन थांबली आणि बाईंकडे बघत उभी राहिली.

मी पुन्हा वाचलं. तिसऱ्यांदा वाचलं. माइकवाला पोरगा म्हणाला की घोडीला स्वतःचे मार्क बघायचे आहेत. लोक हसले. मागून आरोळ्या आल्या, टाच मारा, काका, टाच मारा. मामा बसून होते. त्यांनी टाच मारली नाही, लगामाला हिसका दिला नाही, मानसुद्धा वळवली नाही. हसणं वाढत गेलं आणि त्या हसण्याच्या मधोमध माझे गार्डमामा सिग्नलची वाट बघत बसले होते. मला रडू यायला लागलं आणि रागही आला, मुख्यतः झेंडूचा.

तेवढ्यात मामी उठल्या. गाठोड्यातल्या उरलेल्या भाकरी घेतल्या, पदर खोचला आणि दोरीखालून वाकून मैदानात शिरल्या. क्लबची एक पोरगी धावली, मावशी, आत जाता येत नाही. मामी न थांबता म्हणाल्या, "माझा नवरा हाय तिथं."

त्यांनी भाकरीचा तुकडा घोडीच्या तोंडात घातला आणि तिच्या कपाळावर हात ठेवला. घोडी निघाली. घंटा वाजली. बाहेरून मदत घेतल्यामुळे स्पर्धक बाद, असं माइकवर सांगितलं गेलं. मामांनी ते ऐकलं. घंटा त्यांना ऐकू आली नाही असं कधी झालेलं नाही. ते माझ्याकडे बघून म्हणाले, "मॅडम, पुढचं वाचा. गाडी अर्धी सोडायची न्हाई."

मी परीक्षकबाईंकडे पाहिलं. त्यांनी घंटा टेबलावर ठेवून दिली आणि पाण्याची बाटली उघडली. मग मी वाचलं. M ला मामी घोडीच्या आधी पोचल्या, B ला धावत पोचल्या, पुढे पुढे तर कुठलं अक्षर येणार ते माझ्याआधी त्यांनाच ठाऊक होतं. भाजी निवडताना त्या काय बघत होत्या, ते मला तेव्हा समजलं. प्रत्येक पाटीपाशी एक तुकडा, कपाळावर हात, आणि 'चल'. लोकांचं हसणं केव्हा थांबलं ते मला आठवत नाही. मी अक्षरं वाचायची कामगिरी घेतलेली इंग्रजीची बाई, पण बघत राहण्याच्या नादात शेवटची अक्षरं वाचायची राहूनच गेली. ती मामांनी आपली आपणच घेतली. X ला थांबून त्यांनी सलामी दिली. परीक्षकबाई उभ्या राहिल्या आणि त्यांनी मान लववली.

फीत मिळाली नाही. मामी धापा टाकत बाहेर आल्या आणि म्हणाल्या, रात्रीच्या भाकरी या भवानीनं खाल्ल्या, आता घरी जाऊन पुन्हा चूल पेटवा. परतताना पूर्णा जवळ आल्यावर मामांनी सांगितलं, शब्द तो शब्द, आइतवारी बाजारला नेतो. मामींनी खिडकीची काच वर केली.

घोडी विकली गेली नाही, हे आताच सांगून टाकते, म्हणजे वाचणाऱ्याचा जीव टांगणीला लागायला नको. अजून ती आमच्या गल्लीत आहे आणि माझ्या दारातली रांगोळी मी अजून मागच्या बाजूला काढते. पण त्या आइतवारी मामा खरंच तयार झाले होते. घोडीला न्हाऊ घातलं, टेम्पो बोलावला. मामी नवी साडी नेसून बाहेर आल्या आणि ड्रायव्हरला म्हणाल्या, आधी देवगाव फाट्याकडून घे. मग मामांना म्हणाल्या, "बाजार कुठं पळून चाललाय? आधी गावाकडून जाऊ. युनिफॉर्म घाला." मलाही हाताला धरून टेम्पोत बसवलं.

गावाच्या वेशीपाशी घोडी उतरवली तेव्हा मामाच अडले. आता काय उपयोग, लोक हसतील, असं म्हणायला लागले. मामी म्हणाल्या, "परभणीत हसलेच की. काय झालं? बसा."

मामा बसले. मामी पुढे चालल्या आणि मी बरंच मागून. सकाळची वेळ, दारोदारी सडे-रांगोळ्या, काही दारांवर दिवाळीची वाळलेली तोरणं अजून तशीच. घोडी पहिल्याच दारात थांबली. मी मामींकडे बघितलं. त्या दिवशी त्यांच्या हातात काहीच नव्हतं. त्या बाजूला सरकून उभ्या राहिल्या. घरातली बाई बाहेर आली, चकित झाली, हसली, आणि भाकर घेऊन आली. दुसऱ्या दारात गूळ मिळाला. तिसऱ्या दारातल्या पोरीने फोनवर फोटो काढले. मामांना ओळखणारं कुणी भेटलं, कुणी नाही.

मारुतीचा पार आला. पारावर बसलेले दोघं-तिघं मान वळवून बघू लागले. घोडी पार ओलांडून पुढे गेली आणि पलीकडच्या मोठ्या घरापुढे थांबली. उंच जोतं, जाड दार, दारापुढे भली मोठी रांगोळी. दार बंद होतं. घोडी हलेना, मामा टाच मारेनात, मामी पदर धरून कडेला. किती वेळ गेला कोण जाणे. मी दूर उभी होते आणि आता कुणीतरी काहीतरी बोलेल म्हणून पारावरच्या माणसांकडे बघत होते.

मग दार उघडलं. एक फार म्हातारी बाई उंबऱ्यात आली. डोळ्यांवर हात धरून तिने विचारलं, कोण रे बाबा. मामा म्हणाले, "प्रल्हाद. लक्ष्मण सोनकांबळ्याचा." म्हातारी त्यांच्याकडे बघत राहिली, मग घोडीकडे, मग मामींकडे. मग ती आत गेली. दार तिने लावलं नाही.

ती परत आली तेव्हा तिच्या मुठीत गूळ होता आणि मागून तिची सून ताट घेऊन आली होती. म्हातारीने गूळ घोडीच्या तोंडात घातला. सुनेने मामांना ओवाळलं आणि मग मामींनाही. मामा ताठ बसून होते. ओवाळून झालं तरी त्यांनी लगाम हलवला नाही. शेवटी घोडीच आपण होऊन निघाली.